खोगीर आणि खोगीरभरती: एका शब्दाची गोष्ट

आज आपण एका शब्दाबद्दल बोलणार आहोत. हा शब्द घोड्याच्या पाठीवरून उतरून थेट आपल्या ग्रामसभेत येऊन बसला आहे. तुम्ही तो नक्की ऐकला असेल. एखादी बाई पंचायतीवर निवडून येते, नाहीतर समितीत तिचं नाव लागतं, की पारावर कुणीतरी म्हणतं, "आता ही खोगीरभरतीच की! जागा राखीव होती म्हणून घेतली." ऐकणारे हसतात. बाई गप्प बसते, कारण शब्द झोंबतो, पण त्याचा अर्थ नीट ठाऊक नसतो, मग उलट काय बोलणार?

म्हणून आज त्या शब्दाचाच मागोवा घेऊ. खोगीर म्हणजे काय, हा शब्द आला कुठून, आणि त्यातली भरती खरंच इतकी कमी किमतीची असते का?

आधी वस्तू बघू. खोगीर म्हणजे घोड्याच्या पाठीवर घालायची जाड गादी. विलायती पद्धतीच्या जिनाला आत लाकडाचा किंवा लोखंडाचा सांगाडा असतो आणि वर कातडं असतं. आपल्याकडचं जुनं खोगीर मात्र कापडाचं, नमद्याचं, आत लोकर, कापूस, गवत, चिंध्या असं काहीबाही दाबून भरलेलं आणि वरून दोऱ्याने टाचलेलं असे. ते पाठीवर टाकायचं, पोटाखालून पट्टा घेऊन आवळायचं, आणि मग स्वार वर बसायचा. म्हणजे घोडा आणि माणूस यांच्या मधे असते ती ही गादी. स्वाराचं सगळं वजन आधी तिच्यावर येतं आणि घोड्याचा सगळा घाम तीच पिते.

आता गंमत अशी की या शब्दाचा अर्थही तोच आहे. खोगीर हा शब्द फारसी भाषेतून आपल्याकडे आला. मूळ रूप 'खूगीर' किंवा 'खोयगीर'. त्यात 'खोय' म्हणजे घाम आणि 'गीर' म्हणजे धरणारा, घेणारा. घाम धरून ठेवणारं ते खोगीर. ज्याने हा शब्द बनवला त्याला घोड्याची काळजी होती. नाव देताना त्याला स्वाराचा थाट आठवला नाही, जनावराच्या पाठीवरचा घाम आठवला.

हा 'गीर' तुम्हाला आणखी कुठे भेटतो बघा. मराठ्यांच्या फौजेत बारगीर असत. 'बार' म्हणजे ओझं, ते घेणारा तो बारगीर. जहागीर शब्दात 'जा' म्हणजे जागा, ती धरणं म्हणजे जहागीर. 'दिलगीर आहे' असं आपण म्हणतो, तेव्हा मनाला काहीतरी धरून बसलेलं असतं. औरंगजेबाने स्वतःला आलमगीर म्हणवलं, म्हणजे जग कब्जात घेणारा. एकाच 'गीर'ने एकीकडे जग धरलं आणि दुसरीकडे घोड्याचा घाम! कारागीर शब्दातला गीर मात्र वेगळा. मूळ शब्द 'कारीगर', त्यातला 'गर' म्हणजे करणारा.

आणि तो 'खोय'? तो तर आपल्या नात्यातलाच निघाला. संस्कृतात घामाला स्वेद म्हणतात. संस्कृत आणि फारसी या फार जुन्या काळी एकाच घरातून निघालेल्या भाषा आहेत. संस्कृतात शब्दाच्या सुरुवातीला जिथे 'स्व' येतो, तिथे फारसीत बरेचदा 'ख्व' येतो. आपला स्वप्न, त्यांचा ख्वाब. आपल्या संस्कृतातली स्वसा म्हणजे बहीण, फारसीत ती ख्वाहर. तसाच आपला स्वेद आणि त्यांचा खोय. म्हणजे घामाचे हे दोन शब्द सख्ख्या बहिणी म्हणायला हरकत नाही. एक सासरी इराणला गेली, एक माहेरी राहिली, आणि पुढे इराणची बहीण घोड्यावर बसून परत आली.

मग त्याआधी आपल्याकडे या वस्तूला शब्दच नव्हता का? होता. संस्कृतात पर्याण, आणि त्यावरून मराठीत आलेला पलाण. जुन्या मराठीत घोड्यावर साज चढवण्याला पलाणणं म्हणत. हा शब्द अजून कोशात आहे, पण बोलण्यातून जवळजवळ गेला. खोगीर मात्र राहिलं. असं का झालं, हे समजायला घोडा आपल्याकडे कसा येत होता ते बघावं लागेल.

आपल्या दख्खनच्या हवेत उंच, दणकट लढाऊ घोडे फारसे निपजत नसत. भीमेच्या काठची भीमथडी तट्टं नावाजलेली होती, काटक आणि डोंगर चढायला तयार. पण राजेरजवाड्यांना अरबस्तानातले आणि इराणातले मोठे घोडे हवे असत, आणि ते समुद्रातून गलबतांवर घालून आणावे लागत. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो हा इटलीचा प्रवासी इकडच्या किनाऱ्याची हकिगत सांगतो. ठाण्याच्या राजाबद्दल त्याने एक मासलेवाईक गोष्ट लिहून ठेवली आहे. या राजाचा समुद्रावरच्या चाच्यांशी करार होता. चाच्यांनी जहाजं लुटावीत, सोनंनाणं, माल त्यांचा, पण घोडे सापडले तर ते सगळे राजाचे! घोड्याची किंमत केवढी असेल, ते यावरून समजावं.

त्याच ठाण्याजवळ, वसईच्या खाडीवर, आजच्या मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत, घोडबंदर आहे. अरबी घोड्यांचा व्यापार इथे चाले म्हणून हे नाव पडलं, असं सांगितलं जातं. तिथे पोर्तुगिजांच्या काळातला किल्ला आहे. १७३७ मध्ये चिमाजी आप्पांच्या साष्टीच्या मोहिमेत तो मराठ्यांनी घेतला. दोनच वर्षांनी, १७३९ मध्ये, खाडीपलीकडचा वसईचा किल्लाही पडला. पुढे हा सगळा मुलूख इंग्रजांकडे गेला.

या घोडबंदरपासून काही किलोमीटरवर, मीरा रोड स्टेशनच्या पूर्वेला, नया नगर ही वस्ती आहे. दाट इमारती, मुसलमान कुटुंबं पुष्कळ, बाजारात गेलं की उर्दू, हिंदी, मराठी, कोकणी सगळंच कानावर पडतं. या दोन नावांकडे जरा शब्दांच्या नजरेने बघा. 'नया नगर' ऐकलं की कुणी म्हणेल हे हिंदी-उर्दूतलं नाव. पण 'नया' आला संस्कृतातल्या 'नव'वरून, आणि 'नगर' तर संस्कृतच. उलट 'घोडबंदर' ऐकलं की वाटतं, हे अस्सल मराठी नाव. त्यातला घोडा आपला, पण 'बंदर' फारसी! शब्दांच्या घरात कोण मूळचं आणि कोण पाहुणं, हे वरवर पाहून ठरवता येत नाही. माणसांचंही तसंच असतं, नाही का?

तर घोडे आले, आणि त्यांच्याबरोबर घोडे शिकवणारे, नाल ठोकणारे, साज शिवणारे लोक आले. १३४७ मध्ये दख्खनमध्ये बहमनी राज्य सुरू झालं, त्यानंतर निजामशाही आली, आदिलशाही आली. दरबारात आणि कचेरीत फारसी चाले. मराठे सरदार याच दरबारांत चाकरी करत होते. त्यामुळे घोड्याशी निगडित फारसी शब्द आधी लष्करात आणि तिथून गावात आले. घोडा बांधायची जागा ती पागा. तोंडातला लगाम. पाय ठेवायची रिकीब. पोटाखालून आवळायचा तंग. तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी तो तोबरा. मागचे पाय बांधायचा दोर तो पायबंद.

शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या आसपासच्या वर्षांत राज्यव्यवहारकोश तयार करवून घेतला. कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत शब्द सुचवणारा हा कोश. त्यात दहा वर्ग आहेत आणि फौजेसाठी 'चतुरंगवर्ग' असा वेगळा विभाग आहे. पेशवा, सुरनीस अशा मोठ्या हुद्द्यांना त्या काळात पंतप्रधान, पंत सचिव अशी नावं मिळाली. पण पागेत घोड्याला खरारा करणाऱ्या मोतद्दाराच्या तोंडचे शब्द तसेच राहिले. दरबारातला शब्द हुकमाने बदलता येतो. हातातल्या कामाचा शब्द बदलणं अवघड, कारण तो रोज शंभर वेळा तोंडात येतो.

आणि आता तर घोडा गेला तरी ते शब्द आपल्या घरात आहेत. पोरगं फार बोलायला लागलं की "तोंडाला लगाम घाल" म्हणतो. तोंडात घास कोंबला की "तोबरा भरलाय" म्हणतो. दारूच्या धंद्याला पायबंद घालतो. पैशाची तंगी असते, झंपर अंगाला तंग होतो. तंग म्हणजे आवळ, घट्ट, आणि घोड्याचा पट्टाही आवळायचाच असतो. हे सगळे शब्द बोलताना आपण अर्ध्या पागेत उभ्या असतो.

खोगिराबरोबर आणखी एक शब्द आला तो जीन. घोड्यावरच्या बैठकीला फारसीत 'झीन' म्हणतात. जीन बनवणारा तो जीनगर. महाराष्ट्रात जीनगर समाज आहे, त्यांच्या नावात हे काम अजून दिसतं. पुण्यासारख्या ठिकाणी घोडदळ होतं तोवर या कारागिरांना काम होतं. पेशवाई गेल्यावर घोडदळ मोडलं. मग त्यातल्या अनेकांनी चित्रं काढणं, मूर्ती घडवणं, पुस्तकबांधणी असे दुसरे धंदे धरले. मुलंमुली घालतात ती जीन मात्र वेगळी. ते कापडाचं नाव इटलीतल्या जिनोआ शहरावरून आलं. तिचा घोड्याशी संबंध नाही.

आता येऊ मूळ मुद्द्याकडे, खोगीरभरतीकडे. खोगिराच्या आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही. त्यामुळे ते भरताना चांगलं कापड कोण वापरणार? फाटकं-तुटकं, जुनं-पुराणं, जे हाताला लागेल ते आत जाई. त्यावरून संख्या वाढवायला, जागा भरायला गोळा केलेल्या कुचकामी माणसांना आणि वस्तूंना लोक खोगीरभरती म्हणू लागले. मराठीच नव्हे, उर्दूतही 'खूगीर की भरती' असा वाक्प्रचार आहे आणि त्याचा अर्थ अगदी हाच आहे. नया नगरातल्या एखाद्या उर्दू बोलणाऱ्या आजीला आणि माणदेशातल्या एखाद्या मराठी आजीला या एका टोमण्याचं भाषांतर करून सांगायची गरज नाही. पु. ल. देशपांड्यांनी तर आपल्या एका विनोदी पुस्तकालाच 'खोगीरभरती' नाव दिलं. स्वतःच्या लिखाणाला स्वतःच हे नाव देण्यात मोठेपणा असतो. दुसऱ्याला दिलं की तो टोमणा होतो.

पण मैत्रिणींनो, हा टोमणा खोगीर वापरणाऱ्याने केलेला नाही, दुरून बघणाऱ्याने केलेला आहे. ज्याला घोडा सांभाळायचा आहे त्याला विचारा. घोड्याच्या पाठीचा कणा मधोमध असतो. त्यावर थेट ओझं आलं की पाठ फुटते. ओझं दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर सारखं पडलं पाहिजे. हे काम भरतीचं. भरती एका जागी गोळा झाली, तिच्या गाठी झाल्या, की तिथे घोड्याला घट्टा पडतो, मग जखम होते, माश्या बसतात. घामाने भिजून ती कडक झाली तर पाठ सोलते. म्हणून जाणता माणूस खोगीर उन्हात वाळवतो, भरती मोकळी करतो, उसकटून पुन्हा सारखी पसरतो. वरचं मखमली कापड फाटलं तरी घोडा चालेल. आतली भरती बिघडली तर घोडा दोन कोस जाणार नाही, मग वर सरदार बसलेला असो की राजा.

आपल्याला हे कळायला पागेत जायला नको. आपण गोधडी शिवतो. जुनी लुगडी, धोतरं, पोरांचे फाटके कपडे आत जातात. म्हणून कुणी गोधडीला कुचकामी म्हणतं का? ते जुनं मऊ कापडच ऊब देतं. आणि टाके सारखे नसले की आतलं कापड एका कोपऱ्यात जातं, हे आपल्या हातांना माहीत असतं. तसंच धनगर वाड्यांवरच्या बायकांचं. मेंढ्या घेऊन कुटुंब गावोगाव फिरतं, तेव्हा बिऱ्हाड घोड्यावर लादण्याचं आणि उतरवण्याचं काम मुख्यतः बायकाच करतात. भांडी, अंथरूण, कोंबड्या, कधी वर बसवलेलं लहान लेकरू. पाठीवर आधी काय जायचं, ओझं दोन्ही अंगांना सारखं कसं बसेल, हे त्यांना कुठल्या शाळेने शिकवलं नाही. पण घोड्याची पाठ शाबूत राहते ती या माहितीमुळे.

आणि बाया फक्त लादणाऱ्याच होत्या असंही नाही. सेनापती त्र्यंबकराव दाभाडे १७३१ मध्ये डभईच्या लढाईत मारले गेले. त्यानंतर तळेगावच्या दाभाड्यांचा सेनापतीपदाचा कारभार त्यांच्या आईने, उमाबाईंनी पाहिला. झाशीची राणी लक्ष्मीबाई १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ लढताना पडली, ती घोडदळात. त्या खोगिरावर बसल्या होत्या. त्यांना कुणी भरती म्हटलं नाही. मात्र त्यांच्याबरोबर जी शेकडो नाव नसलेली माणसं होती, दाणा-वैरण बघणारी, खोगीर टाचणारी, जखमेला मलम लावणारी, त्यांच्याशिवाय तो घोडा उभाही राहिला नसता.

आता आपल्या काळाचं बोलू. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि पंचायतींत एक तृतीयांश जागा बायकांना राखीव झाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. तेव्हापासून हा शब्द जास्तच ऐकू येतो. त्याला उत्तर देताना आपण दोन गोष्टी वेगळ्या ठेवू या.

एक, राखीव जागेवर निवडून येणं ही खोगीरभरती नव्हे. ती बाई मतं घेऊन आलेली असते. तिला पाणी कुठून आणावं लागतं ते माहीत आहे, रेशनच्या रांगेत ती उभी राहिली आहे, अंगणवाडीत खाऊ येतो की नाही ते तिला ठाऊक आहे. गावाचा घाम कुठे गळतो हे जिला माहीत आहे, तिलाच 'घाम धरणारी' म्हणणं शोभेल. शब्दाचा मूळ अर्थच तो आहे!

दुसरी गोष्ट आपल्याला थोडी टोचेल, पण बोलली पाहिजे. कधी कधी आपल्याला खरंच भरती म्हणून वापरलं जातं. ग्रामसभेच्या कोरमला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतली जी संख्या कमी ती लागते. ती भरायला घरोघर वही फिरते, आपण चुलीपुढून उठून सही करतो, अंगठा देतो, आणि ठराव काय झाला ते कळतही नाही. सरपंच बाई, आणि खुर्चीवर नवरा. बचत गटाचं कर्ज बाईच्या नावावर, आणि पैसा कुठे गेला ते तिला माहीत नाही. इथे दोष भरतीचा नाही, भरणाऱ्याचा आहे. पण गाठ सोडवायची तर हात आपल्यालाच घालावा लागेल. कायद्याने ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. ती मागा. वहीवर सही करण्याआधी वरचा मजकूर वाचून घ्या, नाहीतर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्या. ठरावाची नक्कल मागा. एकटीने विचारलं तर आवाज दबतो, म्हणून पाच-सहा जणी मिळून जा आणि सभेत एका कोपऱ्यात दाटीवाटीने न बसता पसरून बसा. भरती सारखी पसरली तरच ओझं पेलते.

या आठवड्यात तुमच्या गटाच्या बैठकीत एक काम करा. गावातल्या सगळ्यात जुन्या माणसांना विचारा, घोड्याच्या, बैलाच्या, गाढवाच्या साजाचे कोणते शब्द त्यांना आठवतात. वेसण, झूल, म्होरकी, तोबरा, पलाण, जे निघतील ते वहीत लिहून ठेवा. आजीच्या तोंडी एखादा शब्द असा निघेल की जो कोशातही सापडणार नाही.

आणि पुढच्या वेळी पारावरून कुणी "ही खोगीरभरती" म्हणालं, तर रागावू नका. शांतपणे विचारा, "भाऊ, भरती काढून घोड्यावर बसून बघितलंत का कधी?"